पोटातल्याचा वाटा

हरणाचं मटण कसं लागतं, असं नातीनं मला विचारलं तेव्हा ती कोंबडीची तंगडी चावत होती. म्हटलं, कोरडं लागतं. चरबी नसते, रस्सा पातळ होतो आणि शिजायला सरपण फार लागतं. तिला दुसरंच काही ऐकायचं होतं. 'आजी, तुला वाईट नाही वाटायचं?' म्हणाली. वर्षातून दोनदा मटण बघणाऱ्या माणसाला मटणाचं वाईट वाटत नाही. पण हे रावेतच्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली बसून सांगितलं तर पटत नाही, म्हणून मी तिला आणखी रस्सा वाढला. मग लक्षात आलं, की आमच्या गावची पारध कशी होती आणि ती कशी बंद पडली, हे धडपणे सांगू शकतील अशी दोनच माणसं आता उरलीत. एक मी, आणि दुसरी माझी भावजय, जिला लिहिता येत नाही.

आमचं गाव चाकणकडं जाणाऱ्या रस्त्यापासून आत, बोरमाळाच्या पायथ्याला. घरात पाच माणसं. वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो; आई; थोरला भाऊ नामदेव, म्हणजे दादा; त्याची बायको साळू, ती माझी वैनी; आणि मी. दादा पिंपरीच्या एका कंपनीत लागला होता आणि सायकलवर जायचा. पहिली शिफ्ट असली की उजाडायच्या आत त्याच्या सायकलची चेन कुरकुरायची आणि पाठोपाठ गोठ्यात शेळ्या ओरडायच्या, कारण त्यांना वाटायचं की सोडायची वेळ झाली. शेळ्या माझ्याकडं होत्या. चौथी झाल्यावर मास्तर आबांना म्हणाले, पोरगी हुशार आहे, पुढं शिकवा. आबा म्हणाले, 'मंग शेळ्या तुमी राखता का?' तिथं माझी शाळा संपली. लोक अशा गोष्टी सांगताना डोळे पुसतात. मला तेव्हा काही वाटलं नव्हतं. माळावर शाळेपेक्षा बरं होतं, आणि छडी माझ्या हातात होती.

रोजचं खाणं म्हणजे बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, असेल तर अंबाडीची भाजी, आणि ठेचा. वैनी तिच्या माहेराहून एक गोष्ट शिकून आली होती. ती खोबरं निखाऱ्यावर पार काळं होईस्तोवर भाजायची, आणि मग पाट्यावर कांद्याबरोबर वाटायची. तो वास सुटला की शेजारची म्हातारी कुडापलीकडून विचारायची, 'साळे, कोन पावना आलाय गं?' पाहुणा नसायचा. वैनी साध्या मटकीलाही तसंच वाटण करायची. आईला ती उधळपट्टी वाटायची, पण ताटातलं कधी उरायचं नाही, त्यामुळे आई तोंडानं बोलायची आणि हातानं पुन्हा वाढून घ्यायची.

घराच्या आढ्याला वाघर टांगलेली असायची. वाघर म्हणजे पारधीचं जाळं. अंबाडीच्या दोऱ्यांचं, माणसाच्या छातीएवढं उंच आणि अख्खी आळी वेढेल एवढं लांब. धुरानं काळं झालेलं. ते आमच्या घरी असायचं, कारण पारधीचा मान आमच्या घराकडं होता. होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, सगळं गाव माळावर पारधीला जायचं, वर्षातून तेवढं एकदाच. माळाच्या तोंडाशी एक मोठा धोंडा आहे. त्यावर उभं राहून आबांनी हाक द्यायची. ती हाक पडल्याशिवाय कुणी काठी उचलायची नाही. मग पोरं आणि बाप्ये डबे आणि हलग्या बडवत माळ घेरत यायचे, आणि दुसऱ्या टोकाला वाघर लावून जाणती माणसं दबा धरून बसलेली असायची.

पण वाघर कधी चारी बाजूंनी लावायची नाही. नदीकडची बाजू मोकळी सोडायची. तिथं कुणी उभंही राहायचं नाही. मी लहानपणी विचारलं होतं, सगळीकडं लावलं तर जास्त सापडतील ना? आबा म्हणाले, 'त्या बाजूनं गेलं त्ये पुढच्या साली आपलं.' आणखी एक नेम होता, मादी मारायची नाही. हे बोलायला सोपं आहे. आमच्याकडचं हरीण म्हणजे चिंकारा, शेळीपेक्षा थोडं बारकं, आणि त्याच्या मादीलाही शिंगं असतात. नराची जाड, वळ्या पडलेली, मादीची काडीसारखी. धूळ उडालेली, डबे वाजतायत, जनावर वाघरीत गुरफटून लाथा झाडतंय, तेव्हा शिंग काडीसारखं आहे का वळ्यांचं, हे बघायला डोकं थंड लागतं. म्हणून वाघरीपाशी म्हातारी माणसं बसायची.

जनावर पारावर आणलं की वाटे पडायचे. पळसाच्या सुक्या पत्रावळी ओळीनं मांडायच्या, प्रत्येक घराला एक. ज्या घरात बाप्या नाही, त्यालाही एक. ज्या कुत्र्यानं जनावर वळवलं, त्याला आतडी. आणि ज्या घरात बाई गरवार असेल, त्या घराला दोन वाटे. दुसरा वाटा पोटातल्याचा. तो कितीही लहान असला तरी कुणी विसरायचं नाही. वाटे पाडणारा मोठ्यानं ओरडायचा, 'ह्यो पोटातल्याचा!' आणि बाई लाजेनं मरून जायची, कारण कित्येकदा गावाला तेव्हाच पहिल्यांदा कळायचं.

त्या वर्षी वैनी गरवार होती. तिची आधीची दोन पोटातच गेली होती. आईच्या मनानं घेतलं होतं की पारधीचा वाटा पोटात गेला की मूल धरतं. आदल्या दोन्ही वेळा धुळवडीला वैनी माहेरी होती, तिला वाटा मिळाला नव्हता, आणि म्हणून ती मुलं गेली, असा आईचा हिशोब. मला विचाराल तर वैनी दोन्ही वेळा शेवटपर्यंत विहिरीचं पाणी ओढत होती, ते कारण जास्त खरं असावं. पण मला कुणी विचारलं नव्हतं.

शिमगा आठवड्यावर आला तसे आबा मला म्हणाले, 'सुबे, चल माळावर.' मी शेळ्यांमागं रोज तिथं असायचे, तरी त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. चिंकारा एका ठरावीक जागी लेंड्या टाकतो. पुन्हा पुन्हा तिथंच येतो, त्यामुळे ढीग साठतात. आबा एकेका ढिगापाशी उकिडवे बसून लेंडी उचलायचे, चिरडून बघायचे. कोरडी. दुसरीकडं गेलो, कोरडी. ओढ्याच्या अंगाला एका ठिकाणी ओली सापडली. 'तुला दिसत्यात का?' म्हणाले. म्हटलं, 'पाऊस सरला तवा दिसायची. आता एकदा दिसली, तीन. दोघी जड होत्या.' त्यांनी हात मातीत पुसला आणि उठले. माळावरून खाली बघितलं की गाडीवाट दिसायची, आणि तिच्यावर जीपच्या चाकांची जाड नक्षी.

ती जीप सगळ्यांना ठाऊक होती. पिंपरीकडून यायची. त्यात बंदुका असायच्या, आणि टोपी घातलेली तीन-चार माणसं. आमच्या गावाची पारध वर्षातून एकदा. त्यांची दर रविवारी. मादी, नर, पाडस, त्यांना काही फरक नव्हता. आणि त्यांना वाट दाखवायला जीपमध्ये पुढच्या सीटवर कोण बसायचं, तर आबांचा चुलतभाऊ, आमचा तात्या. तात्या वाईट माणूस नव्हता. त्याला पुढच्या सीटवर बसायला आवडायचं, एवढंच.

पारावर आबांनी सांगितलं, 'औंदा हाक न्हाई. रान पडीक ठेवायचं. तीन शिमगं.'

कुणी काही बोलायच्या आत तात्या उठला. 'आन जीपवाले?'

'जीपवाले काय?'

'आपन तीन सालं तोंडाला कुलूप लावायचं आन त्येंनी खायची? आबा, ह्ये म्हंजे आपल्या इहिरीचं पानी शेजाऱ्याला, आन आपन थुकी गिळायची!'

लोक हसले. आबा हसले नाहीत. 'जीप माज्या हातात न्हाई,' ते म्हणाले, 'हाक हाय. जे हातात हाय तेवढं मी धरनार.'

'हाक म्हंजे काय तुमच्या बाची पेंड हाय व्हय? मान गावानं दिला. तुमाला द्यायाची नसंल तर दुसरा देईल.'

'दे की. धोंडा तिथंच हाय.'

असं बोलून आबा घरी आले, आणि घरी आईनं त्यांना पारावरच्यापेक्षा जास्त सुनावलं. मान गेला तर जाऊ दे, पण सुनेचा वाटा? माझ्या नातवंडापेक्षा हरणं मोठी झाली का? आबा भाकरी मोडत राहिले. वैनी चुलीपुढं पाठमोरी होती. तिनं कोणाचीच बाजू घेतली नाही. दादानं ताटातला हात थांबवला, आणि आईकडं असं बघितलं की मला तेव्हाच कळायला हवं होतं.

धुळवडीला डबे वाजायला लागले तेव्हा आबा ओट्यावर बसून कुऱ्हाडीचा दांडा तासत होते. तात्यानं मावळातल्या सासुरवाडीहून वाघर आणली होती. धोंड्यावर तोच चढला. त्याचा आवाज फाटका, त्यामुळे हाक नीट पडलीच नाही, आणि पोरं आधीच पळत सुटली. आवाज माळावरून घरात येत होता. आबा दांडा तासत राहिले. खरंतर तो दांडा कधीच गुळगुळीत झाला होता. दादा घरात नव्हता. कंपनीला त्या दिवशी सुट्टी होती.

ऊन कलायच्या आत लोक खाली उतरले. एरवी पारध घेऊन येताना हलगी वाजत यायची. त्या दिवशी वाजली नाही. मी पळत पारावर गेले. दोघांच्या खांद्यावर बांबू आणि त्याला पाय बांधलेलं हरीण. शिंगं काडीसारखी. तिचं पोट खाली लोंबत होतं. तात्यानं वाघर चारी बाजूंनी लावली होती, नदीकडंही. वाघरीपाशी जाणती माणसं नव्हतीच, ती आबांच्या शब्दाखातर घरी राहिलेली. एका पोरानं काठी घातली आणि मग बघितलं. तिथं उभा असलेला एकजण दादा होता.

पुढचं वर्णन मी करणार नाही. मी शेळ्यांतली पोरगी, मला आतलं बाहेरचं सगळं माहीत होतं. एवढंच सांगते, की पोटात होतं ते पूर्ण वाढलेलं होतं, अंगावर केस आलेले. ते कुत्र्यांना टाकायचं, का पुरायचं, यावर पारावर थोडा वेळ वाद झाला, आणि मग कुणीतरी ते उचलून ओढ्याकडं नेलं. वाटे पडले. पण 'ह्यो पोटातल्याचा' असं त्या दिवशी कुणी ओरडलं नाही.

तात्या स्वतः आमच्या घरी वाटे घेऊन आला. त्याला वाटलं असावं की असं केलं म्हणजे भांडण मिटेल. दोन पत्रावळी होत्या. मागून दादा, मान खाली घालून. आबा ओट्यावरून उठले नाहीत. आई पुढं झाली, पदर पसरला. तात्या म्हणाला, 'ह्यो घराचा. आन ह्यो साळूच्या पोटातल्याचा. घ्या. राग-लोभ जाऊ द्या, सनाचा दिस हाय.'

वैनी उंबऱ्याच्या आत होती. ती चुलतसासऱ्यासमोर आजवर बोललेली नव्हती. समोर आला की पदर नाकापर्यंत ओढायची. त्या दिवशी ओढला नाही.

'तात्या,' ती म्हणाली, 'त्या हरनीच्या पोटातल्याचा वाटा कुनाला दिला?'

तात्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यानं पत्रावळी खाली केल्या. आई म्हणाली, 'साळे, गप.' वैनी गप बसली नाही. ती दादाकडं वळली आणि म्हणाली, 'तुमी व्हतासा ना तितं? तुमी सांगा. नेम काय हाय गावाचा? पोटुशी आसंल तर दोन वाटं. तिचं दोन कुठायत?' दादा भिंतीकडं बघत उभा राहिला. मोठा माणूस, कंपनीत मशीन चालवणारा. कानापर्यंत लाल झालेला.

आता आमच्याकडं ही गोष्ट सांगतात तेव्हा म्हणतात, वैनीला मुक्या जनावराचा कळवळा आला, तिला तिच्या गेलेल्या लेकरांची आठवण झाली. तसं काही नव्हतं. मी तिथं होते. ती चिडली होती. नेम केला तर तो सगळ्यांना पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं होतं. आणि तिला दुसरी चीड याची होती, की तिच्या नावावर हे केलं गेलं होतं. 'मला न विचारता माज्या पोटाच्या नावानं,' असं ती नंतर कितीतरी दिवस भांडी घासताना म्हणायची.

तात्या दोन्ही पत्रावळी घेऊन परत गेला. आई त्या रात्री जेवली नाही. वैनी व्यवस्थित जेवली, मटकी.

वाटा परत गेल्याची गोष्ट गावात पोचायला वेळ लागला नाही. आमच्यात वाटा परत करणं म्हणजे तोंडात मारल्यासारखं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन-तीन घरच्या बायकांनी शिजवलेलं फेकलं. काहींनी खाल्लं आणि सांगितलं फेकलं, तेही मला माहीत आहे. पण मुद्दा तो नव्हता. मुद्दा हा, की तीन शिमगे रान पडीक ठेवायचं हे आबांचं म्हणणं आता बायकांच्या तोंडी आलं होतं, आणि पारावर ठरलेल्या गोष्टीपेक्षा पाणवठ्यावर ठरलेली गोष्ट मोडायला अवघड असते.

राहिली जीप. आबा अजून तेच म्हणत होते, ती आपल्या हातात नाही. वैनी भाकरी थापता थापता म्हणाली, 'मामंजी, जीप न्हाई हातात. वाट तर हाय की आपली.'

आबांनी घास तोंडाशी थांबवला. मग हसले. त्या महिन्यात पहिल्यांदा.

गाडीवाट आमच्या आणि शेजाऱ्याच्या बांधावरून जायची. आमच्याकडं शेताला कुंपण म्हणून बोराटीचे, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्यांचे, झाप लावतात. बोराटी तोडायची, वाळवायची, एकावर एक दाबत न्यायची. एकदा वाळली की तिच्यातून म्हैस जात नाही. आम्ही बायकांनी आणि पोरींनी ती वाट जिथं दोन धोंड्यांमधून जाते, तिथं कमरेएवढे झाप रचले. बैलांसाठी बाजूनं एक नाळ, म्हणजे अरुंद फट, ठेवली, बैल जाईल आणि जीप जाणार नाही एवढी. हातांची चाळण झाली. वैनीला आई काही करू देत नव्हती, तर ती सावलीला बसून कुठं अजून पोकळ आहे ते सांगत होती, आणि आम्ही तिला शिव्या देत होतो.

रविवारी जीप आली. पुढच्या सीटवर तात्या. टोपीवाल्यांपैकी एक खाली उतरला आणि म्हणाला, 'हे काय आहे? कुणी लावलं?'

शेजारची म्हातारी तिथं शेण गोळा करत होती. म्हणाली, 'वाऱ्यानं आलं.'

'वाऱ्यानं? एवढं?'

'आमच्याकडं वारं लई.'

'अहो तात्या, काढायला सांगा यांना!'

तात्यानं झापाकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. आम्ही कोयते घेऊन उभ्या होतो, काही मुद्दाम नव्हे, बोराटी तोडत होतो म्हणून. तात्या जीपमधून उतरला. मला वाटलं आता हा ओरडणार. त्यानं धोतराचा सोगा झाडला आणि टोपीवाल्याला म्हणाला, 'सायेब, काडता येईल. पर आत काय न्हाईच वो. संपली हरनं. परवा म्या सोता बघितलं, शेवटची व्हती ती.' आणि असं म्हणून तो चालत गावाकडं निघून गेला. जीप मागं मागं जाताना एका चाकात काटा शिरला, त्याचा फुस्स आवाज सगळ्यांनी ऐकला. त्या दिवसापासून पुढची सीट तात्यानं सोडली. आबांशी तो बोलायला लागला, तो मात्र पुढच्या पावसात.

वैनीला मुलगा झाला. वाटा न खाता झाला, आणि चांगला दणकट झाला. आईनं वाट्याचा विषय पुन्हा काढला नाही. ती म्हणायला लागली की आपण सुनेला विहिरीवर जाऊ दिलं नाही, म्हणून हे झालं. माणूस स्वतःकडं श्रेय घेतो ते असं.

इथं मी थांबले तर नातीला बरं वाटेल. पण खरं ते सांगायला हवं. तीन शिमगे सरले. चौथ्याला आबा मला घेऊन माळावर गेले. ढीग ओले होते, आणि जिथं नव्हते तिथंही नवे झाले होते. आबा धोंड्यावर चढले आणि त्यांनी हाक दिली. ओढ्यापलीकडं ऐकू गेली अशी हाक. नदीकडची बाजू मोकळी सोडली. पाच-सहा त्या बाजूनं निघून गेली, आणि कुणी त्यांच्यामागं ओरडलंही नाही. एक म्हातारा नर वाघरीत आला, त्याला ठेवलं, बाकी सोडलं. वाघरीपाशी बसलेल्यांत तात्याही होता. पारावर पत्रावळी मांडल्या. वाटे पाडणारा आमच्या नावाला आला तेव्हा वैनी बायकांतून पुढं आली. पोरगं कडेवर. म्हणाली, 'आमचे दोन.'

'आता कशाला दोन? तू काय गरवार हायेस?'

'ह्येचा ऱ्हायलाय. पोटातला.'

पार हसायला लागला. तात्या सगळ्यांत मोठ्यानं हसला, आणि उठून त्यानंच दुसरी पत्रावळ तिच्या हातात दिली. ओरडलासुद्धा, त्याच फाटक्या आवाजात: 'ह्यो पोटातल्याचा!' वैनीनं खोबरं काळं भाजलं, भरपूर वाटण घातलं, आणि आम्ही सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लं. हरणाचा जीव आणि हरणाची जात यांत फरक असतो. एवढं आमच्या अडाणी घराला कळत होतं, आणि ते कळायला कुणाला देवमाणूस व्हावं लागलं नाही.

पुढच्या शिमग्याला ढीग पुन्हा कमी दिसले आणि आबांनी नाही म्हटलं. त्यानंतर कधी हो म्हणायची वेळ आली नाही. मग कायदा आला, शिकारीला बंदी झाली. पण गावची पारध कायद्यानं बंद पडली, असं मला वाटत नाही. पोरं कंपनीत गेली. धुळवडीला त्यांची दुसरी शिफ्ट असायची, नाहीतर ओव्हरटाइम. हाकेला माणसंच उरली नाहीत. आणि हरणंही वाढली नाहीत, कारण मग माळाच्या एका अंगाला भिंत आली, मग दुसऱ्या अंगाला शेड, मग मोठा रस्ता, मोकाट कुत्री. जीपला आम्ही बोराटी लावली. भिंतीला काय लावणार? बंदुकीनं मारलं तर मेलेलं दिसतं तरी. भिंतीनं मारलेलं दिसत नाही. दोन साली हरणांना पाण्यापर्यंत पोचता आलं नाही, एवढंच.

आबा मात्र दर शिमग्याच्या आधी माळावर जात राहिले. उतरून पारावर यायचे आणि सांगायचे, 'औंदा न्हाई.' पारावर पत्ते खेळणाऱ्या पोरांना कळायचं नाही की हा म्हातारा कशाला नाही म्हणतोय. तरी ती पत्ते थांबवून ऐकून घ्यायची. आबा गेल्यावर मान दादाकडं आला. दादानं धोंड्यावर पाऊल ठेवलं नाही. त्याला ते कधी जमलं नसतं, आणि मीही त्याला म्हटलं नाही. मग मीच जायला लागले. बाईला पारधीचा मान नसतो. पण पारधच नाही, तर मान कुणाचा कोण घेतो?

या वर्षीही गेले. मुलानं गाडी करून दिली. ड्रायव्हर म्हणाला, आजी, इथं काय आहे? म्हटलं, माझं काम आहे, तू गाणी लाव. नदीकडच्या अंगाला, जिथं अजून भिंत नाही, तिथं मला उकिडवं बसायला बराच वेळ लागला, आणि उठायला त्याहून जास्त.

मग गावात वैनीकडं गेले. ती आता कमरेत वाकली आहे, पण चुलीपुढून उठत नाही. गॅस सुनेचा, चूल तिची. तिचा नातू कंपनीतून आलेला, युनिफॉर्म अंगात, मोबाइल हातात. म्हणाला, 'आत्याजी, दिसलं का काय? मला जागा दाखवा, व्हिडिओ टाकतो. गावाचं नाव होईल.' गेल्या साली त्यानं मोराचा टाकला होता. पुढच्या रविवारी पुण्याहून गाड्यांची रांग लागली, माणसं मोरामागं कॅमेरे घेऊन पळत होती, आणि आता तिथं मोर नाही. चांगला पोरगा आहे. त्याला पुढच्या सीटवर बसायला आवडतं.

'न्हाई रं बाबा,' म्हटलं. 'काय न्हाई तिथं. संपलं सगळं.'

तो अंघोळीला गेला. वैनीनं भाकरी उलटली आणि तोंड न वळवता विचारलं, 'वन्सं, वली का कोरडी?'

'वली.'

'जड हाय कोन?'

'एकीचं पाऊल खोल उमटलंय.'

वैनीनं मान हलवली, परातीत आणखी एक मूठ पीठ घेतलं आणि म्हणाली, जेवून जा. जेवले. आणि तुम्हाला सांगून ठेवते, जायचा विचार असेल तर उगाच पेट्रोल जाळू नका. बोरमाळ हे त्या माळाचं नाव नाही.